आई म्हणते पायदळ

८ जानेवारी, सोमवार

निवडलो गेलो. लेखी झाली, मैदान झालं, मुलाखत झाली, आज यादीत नाव लागलं. आता दोनच गोष्टी राहिल्या. कुठल्या दलात जायचं ते या महिनाअखेरीपर्यंत कळवायचं, आणि मग वैद्यकीय तपासणी. तपासणीची मला चिंता नाही, मी घोड्यासारखा धडधाकट आहे. पहिल्या गोष्टीनं मात्र सकाळपासून डोकं खाल्लंय. बोलून बोलून उंटाचे कान किटले. शेवटी तो म्हणाला, "डब्या, हे सगळं कुठेतरी लिही आणि माझा पिच्छा सोड." म्हणून ही वही.

उंट म्हणजे माझा मित्र. मान लांब म्हणून उंट. आमचं रंगांचं दुकान म्हणून मी डब्या. तोही निवडला गेलाय आणि त्याचं नौदल ठरलेलं आहे, कारण पाण्यापाशी त्याला छान झोप लागते म्हणे. देशाचं कल्याणच आहे.

माझं तळ्यात-मळ्यात चाललंय. म्हणजे खरं तर मनातून मी कधीचा आकाशात आहे. मला विमान चालवायचंय. पण ज्याला त्याला सांगितलं की तो म्हणतो, "नीट विचार कर." म्हणून नीट विचार करून बघतोय. तोही काही मला जमत नाहीये.

बाबांनी यादी बघितली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला, ओळख ना पाळख, सांगून टाकलं. आई संध्याकाळी ताट वाढताना म्हणाली, "कुठे घालणार आहेत तुला?"

"घालणार नाहीत, मी निवडणार आहे."

"मग पायदळ घे. पायदळच बरं."

मी घास हातात धरून बसलो. कुठली आई आपल्या एकुलत्या एका पोराला म्हणते की जा बाबा, जिथे गोळ्या सुटतात तिथेच जा?

१० जानेवारी, बुधवार

शांत डोक्यानं लिहितो.

पायदळ: चालायचं, पळायचं, खोदायचं, परत चालायचं. सगळे मिळून. झोपायचं तेही सगळे मिळून. आमच्या घरात आम्ही तिघं आणि मधला दरवाजा बंद होत नाही, मला एवढं मिळून राहणं पुरे झालंय.

नौदल: उंट सोबत असेल. पण बोटीवरून राग आला तर जायचं कुठे?

हवाई दल: एकच खुर्ची असते. मी बघितलंय चित्रात. आई शेजारी बसून सांगू शकत नाही की हे कर, ते नको. ती शर्टसुद्धा रात्रीच काढून ठेवते माझा. पॅंटवर तोच का आणि हा का नाही, ते तिचं तिला माहीत. एकवीस वर्षांचा घोडा झालोय आणि माझे कपडे आई लावते, हे उंट सोडून कुणाला माहीत नाही आणि माहीत होऊही नये.

तसा मी कुठे कमी पडलो? मैदानावर एकदाच चुकलो. लाल फळ्यांना हात लावायचा नव्हता आणि मी एका फळीला धरूनच खाली उतरलो. ती गवतात टेकवलेली होती, दिसणार कशी? बाकीच्यांनी बरोबर टाळली, कुणीतरी आधी सांगून ठेवलं असणार. परीक्षकांनी गुण कापले आणि वर म्हणाले, "लक्ष कुठे असतं?" अजून ते आठवलं की चीड येते.

११ जानेवारी, गुरुवार

आमच्या दुकानात रंगाला नाव नसतं, नंबर असतो. शेडकार्डवर बोट ठेवायचं, खालचा नंबर वाचायचा, नंबर मशीनमध्ये मारायचा. मशीन पांढऱ्या रंगात थेंब सोडतं, डबा हलवतं, झालं. गिऱ्हाईक म्हणालं, "तो निळसर द्या," की आई म्हणते, "नंबर बोला." हा आईचा नियम आहे आणि बाबाही पाळतात. नावांवरून भांडणं होतात असं तिचं म्हणणं. शेजारच्या गल्लीतला दुकानदार आम्हाला हसतो. पण उलटसुलट झालं म्हणून डबा परत येणं आमच्याकडे जवळजवळ नाहीच.

आज परेडकाका आले होते. लष्करातून निवृत्त झालेत, दुकानात शिरतानासुद्धा पाय आपटतात, म्हणून आम्ही त्यांना परेडकाका म्हणतो. कुंपणाला रंग हवा होता. आई त्यांना बाजूला घेऊन किती वेळ कुजबुजत होती. मी डबा घेऊन गेलो तर गप्प. जाताना काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पायदळ. शंका नको."

म्हणजे आईनं त्यांनाही फितवलं. उद्या ती पोस्टमनलाही फितवेल. मला खरंच कळत नाही, तिला माझी काही किंमत आहे की नाही.

१४ जानेवारी, रविवार

मामा आला होता. दर रविवारी येतो, भरल्या डब्यावर बसतो, चहा पितो, जातो. आईचा धाकटा भाऊ, कुलपं दुरुस्त करतो. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, कधी काही हवं म्हणून हट्ट केला नाही. मला त्याच्याकडे बघून कसंतरी होतं. माणसाला एवढीही हौस नसावी?

मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "मामा, मी वैमानिक होणार."

मामानं आईकडे बघितलं. आई पुसलेलाच काउंटर परत पुसत होती. "तिनं काय सांगितलं तुला?" त्यानं मला विचारलं.

"ती म्हणते पायदळ."

"हं," म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला. गल्लीच्या टोकापर्यंत आई त्याच्या मागे गेली. लांबून दिसत होतं, मामा हात हलवून काहीतरी सांगत होता आणि आई मान हलवून नाही म्हणत होती. मामाला हातवारे करताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. परत आल्यावर विचारलं तर म्हणाली, "कुलपाचं बोलत होता."

१७ जानेवारी, बुधवार

दिवस वाईट. काल मशीन बंद पडलं, आई-बाबा बाहेर, आणि एक शिक्षिकाबाई आल्या. भिंत अर्धी रंगवून झाली होती, थोडा कमी पडला होता. नंबर विसरल्या होत्या, नुसता कागदाच्या कपट्यावर रंगाचा फराटा. मी म्हटलं, त्यात काय? मागच्या फळीवर तयार डबे होते, फराट्याशी लावून बघितला, हुबेहूब. दिला.

आज सकाळी बाई दारात. "बाकीची भिंत पोपटी आहे, तुम्ही दिलाय बदामी. आंधळे आहात का?"

मी कपटा परत डब्याशी धरला. सारखाच. फार तर एक वाळलेला आणि एक ओला, एवढाच फरक. मी म्हटलं, "बाई, तुमच्या खोलीत उजेड कमी असेल." त्या भडकल्या. मीही भडकलो. मग आई आतून आली, कपट्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि बाईंची माफी मागून म्हणाली, "चूक आमची. भिंत आम्ही रंगवून देतो." हद्द झाली. गिऱ्हाइकाशी रुपयासाठी तासभर घासाघीस करणारी माझी आई.

मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण ती मागच्या फळीवरच्या डब्यांना नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवत बसली. बाबा मदतीला गेले तर त्यांना म्हणाली, "राहू दे, मी करते."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

स्वतःच्या मनानं एक शर्ट आणला. तपकिरी, साधा, भारदस्त. घालून मैदानावर गेलो तर उंट म्हणाला, "झाडाजवळ उभा राहू नकोस, सापडायचा नाहीस." बुंध्यासारखा दिसतो म्हणत असेल. त्याला कपड्यांतलं काय कळतं? पण घरी आल्यावर आईनं शर्ट हातात घेऊन असा काही चेहरा केला की मी तो काढूनच टाकला.

जेवताना बाबा एकदम म्हणाले, "मी काय म्हणतो, सरकारी तपासणीच्या आधी तू एकदा बाहेर डोळे दाखवून घे की."

"कशाला?" आई म्हणाली. "लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचतो तो."

"पाटीचं नाही म्हणत मी."

"जेवा तुम्ही."

बाबा जेवले. या घरात बाबांचं प्रत्येक वाक्य असं जेवणातच बुडतं.

पण मला चैन पडेना. घरात काहीतरी शिजतंय. दुसरीकडे उंट रोज विचारतो, "ठरलं का?" आणि मी रोज वेगळं सांगतो. सोमवारी नौदल म्हणालो होतो, कारण त्यानं मला पोहण्यात हरवलं आणि मला त्याचा बदला घ्यायचा होता. असा निर्णय घेतात का?

२७ जानेवारी, शनिवार

कळवून टाकलं. पहिली पसंती हवाई दल, वैमानिक. दुसरी नौदल. तिसरी पायदळ, ती आईच्या समाधानासाठी. खाली आणखी एक होती, पुरवठा, म्हणजे कोठारं सांभाळायची, ती कोरी सोडली. डबे मोजायला घर काय वाईट होतं?

घरी येऊन सांगितलं. किती हलकं वाटत होतं मला. आई खाली बघून म्हणाली, "आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"का म्हणतील नाही?"

"म्हणतात कधीकधी."

माझा तोल गेला. म्हणालो, परीक्षेत पास मी, मैदानात पास मी, मुलाखतीत पास मी, आणि नापास करायला घरचीच माणसं बसलीयेत. मला गोळ्या खायला पाठवायला तयार, पण उडायचं म्हटलं की तुझ्या पोटात दुखतं. मी जिथे तुला दिसणार नाही तिथे मला जाऊ द्यायचं नाही, एवढंच आहे हे.

बाबा म्हणाले, "आवाज खाली."

आई म्हणाली, "बोलू दे त्याला."

मी चपला घालून बाहेर पडलो. तिनं ते फार हळू म्हटलं होतं.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहीत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

लिहितो. नाही लिहिलं तर कुणाला तरी मारीन.

काल तपासणी. वजन, छाती, कान, दात, सगळं उत्तम. अक्षरांचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत खाडखाड वाचला. डॉक्टरीणबाई खूश. मग त्यांनी एक पुस्तक काढलं. पानभर ठिपके, रंगीबेरंगी. "आकडा वाच." पहिल्या पानावर वाचला. पान उलटलं.

"इथे आकडा नाही."

"बरं. इथे?"

"इथेही नाही."

"इथे?"

मला वाटलं माझी फिरकी घेतायत. मी म्हटलं, "मॅडम, हे पुस्तक खराब झालंय का?" माझ्या मागे रांगेत एक किडकिडीत पोरगा उभा होता, त्याच्या तोंडून निघून गेलं, "चौऱ्याहत्तर." बाईंनी त्याला गप्प केलं. मी पान डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, तिरकं धरलं. ठिपकेच होते. दुसरं काही नव्हतं.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "घरी कुणी कधी सांगितलं नाही?"

"काय?"

त्या चांगल्या होत्या, खुर्ची ओढून मला बसवलं. म्हणाल्या, लाल आणि हिरवा हे रंग तुला इतरांसारखे वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. आजार नाही, औषध नाही, दृष्टी उत्तम आहे. हे बहुतेक वेळा आईच्या बाजूनं येतं, मामालाही असतं अनेकदा. विमान नाही. बोटीवरही नाही, दिवे ओळखावे लागतात. पायदळात चालतं, पुरवठ्यात चालतं. विचार कर आणि सोमवारपर्यंत सांग.

मी म्हटलं, "पण आमचं रंगांचं दुकान आहे."

हे वाक्य मी त्यांना तीनदा ऐकवलं म्हणे. उंट नंतर म्हणाला, बाहेर ऐकू येत होतं.

घरी आलो. आई काउंटरवर होती. मी काही बोलायच्या आत तिला कळलं, ती उठून उभीच राहिली. मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"चार वर्षांचा होतास. बागेत म्हटलं, चेंडू आण. लाल चेंडू, गवतात. तू त्याच्या शेजारी उभा राहून शोधत होतास."

"आणि नंबर?"

"तू काउंटरवर बसायला लागलास तेव्हापासून."

म्हणजे अख्खं दुकान. अख्खं दुकान तिनं माझ्याभोवती बदललं. बाबा, मामा, माझे शर्ट, मागच्या फळीवरच्या चिठ्ठ्या. सगळ्यांना ठाऊक आणि मी मधोमध उभा, शहाण्यासारखा बाईंना सांगतोय की तुमच्या खोलीत उजेड कमी असेल.

"पायदळ पायदळ कशाला करत होतीस?"

"परेडकाकांना आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, तिथे हे चालतं. मला वाटलं, तू तेवढंच घेतलंस तर तुला ते पुस्तक दाखवणारच नाहीत. तुला कळणारच नाही."

"पुस्तक सगळ्यांना दाखवतात, आई."

"मला कुठे माहीत होतं," ती म्हणाली.

मी तिला खूप बोललो. ते इथे लिहीत नाही. त्यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं तिला लागावं म्हणून बोललो. तिला लागलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

घरात कुणाशी बोलत नाही. रस्त्यावर उभा राहून वस्तूंकडे बघतो. हे पान हिरवं आहे हे मला कुणी सांगितलं? पानं हिरवी असतात म्हणून हिरवं. आजवर किती गोष्टी मी बघितल्याच नाहीत, नुसत्या पाठ केल्या. आणि बाकीच्यांना काय दिसतं ते मला कधीच कळणार नाही. यानं वेड लागायची पाळी आलीय.

मामाकडे गेलो. त्याची टपरी एवढीशी, दोघं बसलो तर गुडघे लागतात. त्याच्या हातात एक जुनं कुलूप होतं, ते त्यानं बाजूला ठेवलं.

"मला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं," म्हणाला. मला हे कधीच माहीत नव्हतं. "सगळं झालं, आणि शेवटी दिवे दाखवले. लाल का हिरवा, सांग. मी पटापट सांगितलं. सगळी चुकली. बाहेर आलो तर तुझी आई फाटकाशी उभी. कामाला दांडी मारून आली होती. माझ्यासोबत आलेली पोरं हसत होती, तिनं ते बघितलं."

"मग?"

"मग काही नाही. त्या दिवसापासून ती माझे शर्ट आणायला लागली. मला कुठे काही विचारतील अशा जागी एकट्याला जाऊ देईना. चांगल्या मनानं रे. मीही सवय लावून घेतली. कुणीतरी सांभाळतंय म्हटल्यावर बरं वाटतं, आणि मग पुढे काही मागायचं राहूनच जातं." कुलूप परत हातात घेऊन म्हणाला, "तुझ्या वेळी मी तिला सांगत होतो, त्याला सांगून टाक. ती म्हणाली, तुझं तोंड मी बघितलंय त्या दिवशी, त्याचं मला बघायचं नाही."

मी विचारलं, "मी काय करू? पायदळ का पुरवठा?"

"ते मला विचारू नकोस."

"का?"

"तू घाबरून ठरवशील. माझ्याकडे बघून."

मला लाज वाटली. कारण मी तेच करत होतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

उंट आला होता. त्याचं नौदल नक्की झालं. आनंद लपवायचा प्रयत्न करत होता बिचारा, पण एवढ्या लांब मानेत लपणार कुठे? मी त्याला मिठी मारली. मग मागे जाऊन तोंड धुतलं.

"तो शर्ट," मी विचारलं, "कुठला रंग होता?"

"हिरवा. गच्च हिरवा."

"मग तेव्हा नीट सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुला आवडतो."

जाता जाता म्हणाला, पुरवठा घे, डब्या. तिथेही सगळं नंबरावर असतं, तू राजा होशील. बाबाही काल तेच म्हणाले. आई तर आता पायदळाचं नावही काढत नाही. दोनदा आडून आडून बोलली, कोठारात छप्पर असतं, वेळेवर जेवण असतं. पूर्वी तिला हे कसं सुचलं नव्हतं?

सगळे बरोबर बोलतायत. माझं काही एक चुकणार नाही तिथे. चिठ्ठी वाचायची, फळीवरून काढून द्यायचं. ज्यानं चिठ्ठी लावली त्याच्यावर विश्वास ठेवायचा. म्हणजे पुन्हा हेच दुकान.

विमानाचं अजून जात नाही डोक्यातून. वर विमान गेलं की मी खाली बघतो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी जाऊन सांगून आलो. पायदळ.

त्या कारकुनानं विचारलं, "पुरवठाही मिळत होता, माहीत आहे ना?" मी म्हटलं, माहीत आहे. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. मला मिळून राहणं आवडत नाही, खोदणं आवडत नाही आणि गोळ्यांची मला भीती वाटते. हे वहीतच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. विमान हवं होतं, ते मिळालं नाही. मग जे आहे त्यातलं कुणी माझ्यासाठी मऊ करून ठेवलेलं नको होतं. हा विचार बरोबर आहे की हा नुसता माझा ताठा आहे, ते मला ठरवता आलं नाही आणि मुदत आज संपत होती.

दुकानात आलो तर आई एकटीच, नव्या डब्यांची झाकणं पुसत होती. बाबा आत होते. मी सांगितलं.

तिनं फडकं घडी घालून ठेवलं. मग सरळ खाली फरशीवर बसली, डब्यांच्या मधे.

"पुरवठा देत होते ना?"

"देत होते."

"मग?"

"तूच म्हणत होतीस. पायदळच बरं."

हे मी टोमणा म्हणून बोललो. बोलायला नको होतं. तिचा चेहरा बघून मलाच कळलं.

"मी म्हणत होते," ती म्हणाली, "पण तू माझं कधी ऐकलंयस? मोजे घाल म्हटलं तर घालत नाहीस. लवकर ये म्हटलं तर उशिरा येतोस. मला वाटलं, घेतलंस तर ते पुस्तक टळेल, नाहीतर तू नाही म्हणशील, भांडशील, आणि त्यात कळवायची मुदतच निघून जाईल. जन्मात एकदा माझं ऐकलंस, आणि ऐकलंस ते हे?"

मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "तुझं ऐकून नाही घेतलं."

"खरं सांग."

"खरंच. माझं मी घेतलं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, खोटं बोलतोय का ते. मग माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, मनगटाशी, घट्ट. रडली नाही. म्हणाली, "भीती वाटते का?"

मी नाही म्हणणार होतो. तसं ठरवलंच होतं सकाळी पायऱ्यांवर. "हो," म्हणालो.

"मलाही," आई म्हणाली.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, रंग हवा होता. बाबा आतून "आलो आलो" म्हणत बाहेर आले, आम्हाला दोघांना फरशीवर बसलेलं बघितलं आणि काही न विचारता काउंटरवर गेले. आईनं हात सोडला नाही.